भावाच्या गाठीच्या रिपोर्टमध्ये एपीसी आणि टीपी५३ आलंय, म्हणजे हे घराण्यात आहे का?

ताई, तुम्ही लिहिलंय की भावाला ३८ व्या वर्षी मोठ्या आतड्याचा कॅन्सर निघाला, ऑपरेशन झालं, गाठीवर केलेल्या जेनेटिक टेस्टमध्ये एपीसी आणि टीपी५३ या दोन जीन्समध्ये म्युटेशन आहे असं लिहून आलं, डॉक्टर घाईत एवढंच म्हणाले की ट्यूमर सप्रेसर, म्हणजे गाठ होण्यापासून थांबवणारे, जीन्स बिघडलेत, आणि तेव्हापासून घरात सगळे म्हणतायत की हे रक्तातच आहे. तुम्ही ३४ च्या, तुमची दोन मुलं, भावाची एक मुलगी. मुलांच्या टेस्ट करायच्या का, हा तुमचा प्रश्न. मी पॅथॉलॉजिस्ट आहे, २२ वर्षं झाली, त्यातली बरीचशी आतड्याच्या गाठी बघण्यातच गेलीत, त्यामुळे जरा सविस्तरच सांगते, कारण दोन ओळीत सांगितलं की माणसं अर्धंच ऐकतात आणि उरलेलं रात्रभर स्वतःच्या मनाने भरत बसतात.

आधी हे मनात पक्कं करा. गाठीच्या रिपोर्टमध्ये एपीसी आणि टीपी५३ ची नावं येणं म्हणजे आजार घराण्यात आहे असं अजिबात नाही. २०१२ साली अमेरिकेत कॅन्सर जीनोम अ‍ॅटलस नावाच्या मोठ्या प्रोजेक्टने आतड्याच्या गाठींचा डीएनए वाचून काढला, त्यात नेहमीच्या प्रकारच्या गाठींमध्ये १०० पैकी जवळपास ८० गाठींत एपीसी बिघडलेला होता आणि ६० च्या आसपास गाठींत टीपी५३. म्हणजे ७५ वर्षांच्या, घरात कोणालाच कधी कॅन्सर नसलेल्या आजोबांच्या गाठीतही हीच दोन नावं सापडतात. गाठीत सापडलेला बदल हा बहुतेक वेळा त्या गाठीपुरताच असतो, माणूस जन्मल्यानंतर आतड्याच्या एखाद्या पेशीत झालेला, तो मुलांकडे जात नाही. मुलांकडे जातो तो बदल जो शरीराच्या प्रत्येक पेशीत आहे, आणि तो बघायचा तर रक्त तपासावं लागतं. गाठीचा रिपोर्ट वेगळा आणि रक्ताचा रिपोर्ट वेगळा, जीनचं नाव तेच असलं तरी. माझ्याकडे फोन येतात त्यातले निम्मे या एका गोंधळातून आलेले असतात.

आता हे जीन्स करतात काय ते बघू. मोठ्या आतड्याच्या आतलं अस्तर दर चार-पाच दिवसांनी नवं होतं. मायक्रोस्कोपखाली निरोगी अस्तर बघितलं तर टेस्टट्यूब स्टँडमध्ये उभ्या लावून ठेवाव्यात तसं दिसतं, एकाशेजारी एक, सरळ, नीट. त्या प्रत्येक नळीला क्रिप्ट म्हणतात, एकेका क्रिप्टमध्ये साधारण दोन हजार पेशी. तळाशी थोड्या मूळ पेशी असतात, त्या दुभंगत राहतात, नव्या पेशी हळूहळू वर सरकतात, सरकता सरकता दुभंगणं बंद करतात, आपापल्या कामाला लागतात, कोणी चिकट स्राव करतं, कोणी पाणी शोषतं, आणि वरच्या टोकाला पोचल्या की गळून पडतात. तळाशी "वाढा" असा निरोप आहे आणि वर जाताना तो निरोप थांबतो, सगळं आतड्याचं आरोग्य या एवढ्यावर उभं आहे.

निरोप पोचवणारं प्रोटीन म्हणजे बीटा-कॅटेनिन. ते पेशीत सतत तयार होतं आणि सतत उचलून नष्ट केलं जातं. हे उचलायचं काम एपीसीच्या टोळीचं. सकाळी घंटागाडी येते ना, तसंच समजा. कचरा तर रोज होणारच, पण गाडी रोज येते म्हणून सोसायटी स्वच्छ असते, गाडी पंधरा दिवस आली नाही तर कोणी मुद्दाम घाण न करताही ढीग साठतो. एपीसी बिघडला की बीटा-कॅटेनिनचा ढीग साठतो, ते पेशीच्या केंद्रकात शिरतं, तिथे वाढीचे जीन्स चालू करतं, मिक नावाचा जीन त्यातला एक, आणि ती पेशी वर सरकली तरी तिला वाटत राहतं की आपण अजून तळाशीच आहोत. मग ती गळत नाही. दुभंगत राहते. क्रिप्ट फुगते, दुमडते, फांद्या फुटतात, त्यातून तयार होतो तो पॉलिप, ज्याला आम्ही अ‍ॅडेनोमा म्हणतो. स्लाइडवर ती जागा लगेच कळते, आजूबाजूच्या फिकट नळ्यांमध्ये गडद निळ्या, गर्दी केलेल्या, लांबट केंद्रकांच्या नळ्या दिसतात.

पण प्रत्येक जीनच्या दोन प्रती असतात, एक आईकडून, एक वडिलांकडून. दाराला वरची कडी आणि खालची कडी असते तसं. एक तुटली तरी दार बंदच राहतं. दार उघडायला त्याच दाराच्या दोन्ही कड्या तुटाव्या लागतात. हे सगळ्यात आधी आल्फ्रेड नुडसन यांनी १९७१ साली लहान मुलांच्या डोळ्याच्या कॅन्सरवरून मांडलं, तेव्हा असा एकही जीन हाती लागलेला नव्हता, फक्त कोणत्या वयात किती गाठी येतात याचा हिशेब करून त्यांनी ते ओळखलं, आणि मला आजही त्या विचाराचं फार कौतुक वाटतं. साध्या माणसात एकाच पेशीतल्या एपीसीच्या दोन्ही प्रती बिघडायला वर्षानुवर्षं लागतात, म्हणून हा कॅन्सर मुख्यतः उतारवयाचा. पण ज्याला आईकडून किंवा वडिलांकडून एक तुटकी प्रत जन्मतःच मिळाली त्याच्या प्रत्येक पेशीत एक कडी आधीच तुटलेली, आता कुठेही दुसरी तुटली की पॉलिप.

त्या आजाराला एफएपी म्हणतात, फॅमिलियल अ‍ॅडेनोमॅटस पॉलिपोसिस. मी पहिल्यांदा असं आतडं हातात घेतलं तेव्हा शिकत होते. २१ वर्षांची मुलगी, पूर्ण मोठं आतडं काढून पाठवलेलं, कात्रीने उभं उघडलं, धुतलं, आणि आत गुळगुळीत जागाच नव्हती. साबुदाणा पसरावा तसे दाणेच दाणे, मध्ये काही द्राक्षाएवढे, एक अक्रोडाएवढा. सर म्हणाले मोजा, मी एका वितीएवढ्या तुकड्यात १०० पर्यंत मोजले आणि थांबले. एफएपीमध्ये पॉलिप शेकड्यांनी, कधी हजारोंनी येतात, बहुतेकांना दहा ते वीस वर्षांच्या दरम्यान सुरुवात होते आणि आतडं काढलं नाही तर चाळिशीच्या आसपास जवळजवळ प्रत्येकाला कॅन्सर होतो. त्या मुलीच्या अक्रोडाएवढ्या पॉलिपमध्ये नुकती सुरुवात झाली होती, खाली पसरला नव्हता. ती आज बरी आहे, तिच्या धाकट्या भावाचं निदान त्यामुळे १२ व्या वर्षी झालं.

हा जीन सापडला कसा ते पण थोडक्यात सांगते. लंडनच्या सेंट मार्क्स हॉस्पिटलने १९२४ पासून पॉलिपोसिसच्या घराण्यांची नोंदवही ठेवली होती. १९८६ मध्ये एका रुग्णात पाचव्या क्रोमोसोमचा तुकडाच गायब असल्याचं दिसलं, त्या माणसाला पॉलिपोसिस होता, मग पुढच्या वर्षी अशा घराण्यांचा अभ्यास करून जागा पक्की झाली, आणि १९९१ मध्ये जीन हातात आला. म्हणजे कोणीतरी साठ-सत्तर वर्षं नुसत्या वंशावळी नीट लिहून ठेवल्या म्हणून हे जमलं. आपल्याकडे कागद जपायची सवय नाही याचं मला फार वाईट वाटतं, त्यावर खाली येतेच.

एपीसीमध्ये बदल कुठे झालाय त्यावरही बरंच अवलंबून असतं. १३०९ नंबरच्या जागी झाला तर आजार लवकर आणि जोरात येतो, जीनच्या अगदी सुरुवातीला किंवा अगदी शेवटाकडे झाला तर पॉलिप शंभरच्या आत राहतात आणि उशिरा येतात. आणि एफएपीच्या दर चार-पाच रुग्णांतल्या साधारण एकाला हा बदल आई-वडिलांकडून मिळालेलाच नसतो, त्याच्यापासूनच सुरू होतो, त्यामुळे "आमच्या घरात कोणालाच नव्हतं" एवढ्यावर ही शक्यता खोडता येत नाही. पण तुमच्या भावाबद्दल तुम्ही लिहिलंय की कोलोनोस्कोपीमध्ये ती गाठ आणि दोन छोटे पॉलिप एवढंच होतं, बाकी आतडं स्वच्छ. मग नेहमीचा एफएपी नाही, एवढं मी तुम्हाला बऱ्यापैकी खात्रीने सांगू शकते.

आता टीपी५३. पॉलिप झाला म्हणजे कॅन्सर झाला असं नाही, बहुतेक पॉलिप आयुष्यभर पॉलिपच राहतात. १९९० मध्ये फिअरन आणि फोगेलस्टीन या दोघांनी पायऱ्या मांडल्या, आधी एपीसी जातो आणि छोटा पॉलिप होतो, मग केरास हा वाढीचा जीन चालू स्थितीत अडकतो आणि पॉलिप मोठा होतो, मग १८ व्या क्रोमोसोमवरचा तुकडा जातो जिथे स्मॅड४ आहे, आणि शेवटाकडे टीपी५३ जातो आणि पॉलिपचा कॅन्सर होतो. प्रत्येक गाठ या क्रमाने जाते असं नाही, अल्सरेटिव्ह कोलायटिस म्हणजे आतड्याच्या अस्तराला सतत सूज राहण्याचा आजार, तो जुना असलेल्या आतड्यात टीपी५३ आधी जातो आणि एपीसी नंतर, पण ढोबळमानाने पायऱ्या बरोबर आहेत आणि त्यांना साधारण दहा वर्षं लागतात. या दहा वर्षांमुळेच कोलोनोस्कोपीला अर्थ आहे, पहिल्या-दुसऱ्या पायरीवर पॉलिप काढून टाकला की पुढचं होतच नाही.

टीपी५३ चं प्रोटीन, पी५३, १९७९ मध्ये सापडलं आणि पुढची दहा वर्षं सगळे त्याला कॅन्सर करणारा जीन समजत होते, कारण प्रयोगशाळेत वापरात असलेल्या प्रतीच बिघडलेल्या होत्या. १९८९ मध्ये फोगेलस्टीन यांच्याच लॅबने आतड्याच्या गाठींमध्ये बघितलं तर एक प्रत गायब आणि उरलेली बिघडलेली. म्हणजे हा वाढवणारा नव्हे, थांबवणारा. पेशीच्या डीएनएला इजा झाली की पी५३ काम थांबवतं, दुरुस्ती होऊ देतं, दुरुस्ती होण्यासारखी नसेल तर त्या पेशीला मरायला लावतं. ते गेलं की तुटक्या डीएनएची पेशी मरत नाही, तशीच दुभंगते, आणि मग क्रोमोसोमचा सगळा पसारा होतो. आमच्या शिकणाऱ्या मुलांना एक गोष्ट नेहमी गोंधळात टाकते, पी५३ चा स्टेन, म्हणजे ते प्रोटीन स्लाइडवर दाखवणारा रंग, लावला की जिथे जीन बिघडलाय तिथे रंग जास्त येतो. निरोगी पेशीत हे प्रोटीन तयार झालं की लगेच मोडून टाकलं जातं, त्यामुळे फिकट तुरळक ठिपके दिसतात, पण बिघडलेलं प्रोटीन मोडलं जात नाही, साठतं, आणि गाठीतलं प्रत्येक केंद्रक गडद तपकिरी होतं. कधी उलट, पूर्ण कोरं, कारण प्रोटीनच बनत नाही. दोन्हीचा अर्थ बिघाड असाच.

स्मॅड४ बद्दल फार लिहीत नाही, तो बाहेरून येणारा "थांबा" हा निरोप पेशीच्या आत पोचवतो. पण जन्मतःच तो बिघडलेला असेल तर लहान वयात वेगळ्या प्रकारचे पॉलिप येतात आणि अशा काही घरांत माणसांचा घोळणा वारंवार फुटतो, कारण नाकातल्या रक्तवाहिन्याही नाजूक असतात. तसंच एसटीके११ नावाचा जीन जन्मतः बिघडलेला असेल तर लहानपणी ओठांवर काळसर ठिपके येतात. त्यामुळे पॉलिपवाल्या मुलाला बघताना मी नेहमी डॉक्टरांना सांगते, ओठ बघा आणि घोळणा फुटतो का ते विचारा, याला पैसे पडत नाहीत.

आता ज्या गोष्टीसाठी मी एवढं लिहायला बसले ती. थांबवणाऱ्या जीन्सचा एक वेगळाच गट आहे, एमएलएच१, एमएसएच२, एमएसएच६ आणि पीएमएस२. हे वाढ थेट थांबवत नाहीत, हे मुद्रितशोधक आहेत. पेशी दुभंगताना तीन अब्ज अक्षरांची नक्कल होते, त्यात चुका होतात, हे चौघं वाचत जातात आणि दुरुस्त करतात. सगळ्यात जास्त चुका कुठे होतात, तर एकच अक्षर ओळीने आलंय तिथे. तुम्ही आआआआआआआआआआ असं दहा वेळा बघून लिहायला घ्या, कधी नऊ होतील कधी अकरा. टीजीएफबीआर२ नावाच्या थांबवणाऱ्या जीनमध्ये नेमकी अशी दहा ए ची ओळ आहे. मुद्रितशोधक गेला की ही ओळ चुकते, पुढचं सगळं वाक्य निरर्थक होतं, आणि तो जीन बंद पडतो. म्हणजे आधी शोधक गेला आणि त्याच्या गैरहजेरीत थांबवणारे एकेक करून गेले. अशा गाठीत हजारो चुका साठतात, तिला एमएसआय-हाय म्हणतात. सगळ्या आतड्याच्या कॅन्सरमध्ये या गाठी साधारण १०० त १५.

या चौघांतला एखादा जन्मतःच एका प्रतीत बिघडलेला असेल तर त्याला लिंच सिंड्रोम म्हणतात. इथे शेकडो पॉलिप दिसत नाहीत, आतडं वरवर साधंच दिसतं, म्हणून तो निसटतो. पण एकदा पॉलिप झाला की दहा वर्षं थांबत नाही, दोन-तीन वर्षांतही कॅन्सर होऊ शकतो.

तो पकडायची सोपी वाट म्हणजे चार स्टेन. गाठीच्या मेणाच्या ब्लॉकमधून पातळ काप घ्यायचे, चार प्रोटीनसाठी चार स्लाइड रंगवायच्या. मी स्लाइड लावली की आधी गाठ बघतच नाही, शेजारचे लिम्फोसाइट, म्हणजे पांढऱ्या रक्तपेशी, बघते, त्यांची केंद्रकं तपकिरी झालीत का, झाली असतील तर स्टेन नीट चाललाय. मग गाठीकडे. शेजारच्या निरोगी क्रिप्ट तपकिरी, मधल्या लिम्फोसाइट तपकिरी, आणि गाठीच्या सगळ्या पेशी निळ्या कोऱ्या, हे दिसलं की मी खुर्चीत सरळ होते, कारण आता हा रिपोर्ट एका माणसाचा राहिला नाही. एमएसएच२ आणि एमएसएच६ जोडीने जातात, एमएलएच१ आणि पीएमएस२ जोडीने. एमएलएच१ गेला असेल तर घाईने लिंच म्हणायचं नाही, कारण उतारवयात या जीनवर रासायनिक खुणा बसून तो नुसता गप्प होतो, पान फाटलेलं नसतं, चिकटून गेलेलं असतं, आणि हे घराण्यात जात नाही. त्यासाठी गाठीत बीरॅफ जीनमधला व्ही६००ई हा बदल आहे का किंवा ती मिथायलेशनची खूण आहे का ते बघतात. या चार स्टेनचा खर्च काही हजार रुपयांत होतो आणि आतड्याच्या प्रत्येक कॅन्सरवर, वय काहीही असो, ते झालेच पाहिजेत असं माझं स्पष्ट मत आहे. तुम्ही पाठवलेल्या माहितीत "एमएसएस" असं लिहिलंय, म्हणजे गाठीत ही गडबड नाही, लिंचची शक्यता त्यामुळे बरीच खाली आली.

घराण्याची माहिती काढताना मात्र नीट विचारा. १८९५ मध्ये अमेरिकेत अल्ड्रेड वॉर्थिन या पॅथॉलॉजिस्टला त्याची शिवणकाम करणारी बाई म्हणाली होती की मी आतड्याच्या किंवा गर्भाशयाच्या कॅन्सरने लवकर जाणार, आमच्या घरात सगळे तसेच जातात, आणि तिला गर्भाशयाचा कॅन्सर होऊन ती गेलीही. वॉर्थिनने ती वंशावळ लिहून काढली, १९१३ मध्ये छापली, पुढे हेन्री लिंच यांनी हे काम उचललं. लिंचमध्ये आतड्याबरोबर बायकांना गर्भाशयाचा कॅन्सर होतो, शिवाय अंडाशय, जठर, मूत्रवाहिनी. आणि आपल्याकडे गर्भाशयाचा इतिहास कसा सांगतात? "आत्याची पिशवी काढली होती." का काढली, आत काय निघालं, तपासणीला पाठवली होती का, कोणाला माहीत नाही. "काका पोटाच्या विकाराने गेले." "आजी काविळीने गेली." एका बाईंनी मला तीनदा सांगितलं घरात कोणालाच काही नाही, आणि चौथ्या वेळी त्यांच्या सासूबाई खोलीतून बाहेर गेल्यावर म्हणाल्या की माहेरी तिघांना झालाय, पण लग्न ठरताना बोललो नव्हतो. त्यांच्या लेकी तेव्हा २५ आणि २८ वर्षांच्या होत्या. म्हणून आई, मावशी, आत्या यांच्याशी बसून बोला, जुन्या फायली काढा, पिशवी काढल्याचा रिपोर्ट मिळाला तर सोनं समजा.

एक अजून, मामेबहिणीशी किंवा आतेबहिणीशी लग्नाची पद्धत असलेल्या घरांसाठी. एमयूटीवायएच नावाचा एक दुरुस्तीचा जीन आहे, तो एक प्रत बिघडून जवळपास काही करत नाही, आई आणि वडील दोघांकडून बिघडलेली प्रत आली तरच आजार होतो, पॉलिप साधारण काही डझन ते शंभरेक येतात. नात्यातल्या लग्नात दोघांकडे तीच बिघडलेली प्रत असण्याची शक्यता वाढते. त्या घरात आई-वडील ठणठणीत आणि एका पिढीतल्या दोन-तीन भावंडांना आजार, असं चित्र दिसतं. तुमचे आई-वडील नात्यातले आहेत का हे तुम्ही लिहिलं नाहीये, असतील तर डॉक्टरांना जरूर सांगा.

तुम्ही विचारलंय की जीन बिघडलाय तर तो दुरुस्त करणारं औषध का नाही. प्रश्न अगदी बरोबर आहे. जी गोष्ट जास्त चालतेय ती औषधाने बंद करता येते, पण जी गोष्टच नाहीशी झालीये ती गोळीने परत आणणं फार अवघड. २०१५ मध्ये उंदरांवर एक प्रयोग झाला, त्यात एपीसी पाहिजे तेव्हा परत चालू करता येईल अशी सोय केली होती, आणि तो चालू केल्यावर गाठी दोन आठवड्यांत विरघळायला लागल्या, पेशी परत वर सरकून कामाला लागल्या, आणि तेही केरास आणि पी५३ बिघडलेले असताना. म्हणजे शेवटच्या पायरीवरसुद्धा गाठ पहिल्या बिघाडावरच जगत होती. माणसात ते अजून जमलेलं नाही. पण मुद्रितशोधक गेलेल्या गाठींचं मात्र नशीब पालटलं, त्यात इतक्या चुका असतात की शरीराची संरक्षण यंत्रणा त्यांना परकी समजते, फक्त तिला अडवून ठेवलेलं असतं, ती अडवणूक काढणारी इम्युनोथेरपी दिली की फार चांगला परिणाम होतो. २०२२ मध्ये न्यूयॉर्कमध्ये अशा गुदाशयाच्या गाठी असलेल्या पहिल्या १२ रुग्णांना डोस्टारलिमॅब नावाचं औषध दिलं आणि बाराही जणांची गाठ नाहीशी झाली, ऑपरेशन आणि रेडिएशन न करता. हे तुमच्या भावाला लागू नाही, त्याची गाठ एमएसएस आहे, म्हणून त्या बातम्या वाचून डॉक्टरांच्या मागे लागू नका. त्याच्या रिपोर्टमध्ये पीआयके३सीए किंवा पीटेन या जीन्समध्ये बदल लिहिलाय का तेवढं मात्र बघा, कारण २०२५ मध्ये छापून आलेल्या एका मोठ्या स्कँडिनेव्हियन चाचणीत अशा रुग्णांना ऑपरेशननंतर रोज १६० मिलिग्रॅम अ‍ॅस्पिरिन दिल्यावर आजार परत येण्याचं प्रमाण जवळपास निम्म्यावर आलं. गोळी स्वतः सुरू करायची नाही, रक्तस्रावाचा धोका असतो, पण ऑन्कोलॉजिस्टना विचारायला हरकत नाही.

तर आता तुम्ही काय करायचं. पहिली टेस्ट मुलांची नाही आणि तुमचीही नाही, भावाची, आणि ती रक्ताची. एमएसएस असला तरी ३८ वय फार लहान आहे. २०१७ मध्ये अमेरिकेतल्या ओहायोमध्ये पन्नाशीच्या आतल्या ४५० रुग्णांचं रक्त तपासलं तर दर सहातल्या साधारण एकाच्या रक्तात आनुवंशिक बदल सापडला, आणि त्यातले काही असे जीन्स होते की कोणाला शंकाही आली नसती. म्हणून पूर्ण पॅनल, म्हणजे बऱ्याच जीन्सची एकत्र तपासणी, करा, पण जेनेटिक काउन्सेलरशी बोलून. मुंबईत टाटा मेमोरियलकडे कॅन्सर जेनेटिक्सचं क्लिनिक आहे, मोठ्या शहरांत इतरही सोय आहे. रक्तात काही निघालं नाही तर तुमच्या किंवा भावाच्या मुलांच्या जीन टेस्ट करायची गरजच नाही. निघालं तर तुमच्याकडेही तोच बदल असण्याची शक्यता निम्मी, मग फक्त तेवढाच एक बदल तुमच्या रक्तात बघायचा, ती टेस्ट छोटी आणि स्वस्त असते, आणि तुमच्यात नसेल तर तुमच्या मुलांचा विषय तिथेच संपला. रिपोर्टमध्ये "अर्थ निश्चित नसलेला बदल" असं आलं तर घाबरू नका आणि त्यावरून कोणाची टेस्ट किंवा ऑपरेशन तर अजिबात करू नका. जगातला बहुतेक डेटा युरोपियन लोकांचा आहे, आपल्या लोकांमधले साधे निरुपद्रवी बदलही त्यात नवे वाटतात, म्हणून आपल्याकडे हे शेरे जास्त येतात.

रक्ताचा रिपोर्ट काहीही येवो, तुमची कोलोनोस्कोपी मात्र करायचीच. सख्ख्या भावाला साठीच्या आत झालाय, तर नियम असा की चाळिशीला किंवा त्याच्या वयाच्या दहा वर्षं आधी, जे आधी येईल तेव्हा. ३८ मधून १० वजा केले तर २८, तुम्ही ३४ च्या, म्हणजे आत्ताच. ती स्वच्छ निघाली तर दर पाच वर्षांनी. भावाच्या मुलीची २८ व्या वर्षी, आत्ता ती नऊ वर्षांची आहे, तिला आत्ता काहीही करायचं नाही. मध्ये कधी संडासातून रक्त गेलं तर मूळव्याध आहे असं घरीच ठरवू नका. माझ्याकडे आलेल्या एका ३१ वर्षांच्या मुलाने आठ महिने मूळव्याधीची औषधं घेतली होती, बोटाने तपासणी एकदाही झालेली नव्हती, आणि त्याची गाठ गुदाशयात बोटाला लागेल एवढ्या अंतरावर होती.

आणि शेवटचं काम या आठवड्यात करा. भावाचं ऑपरेशन जिथे झालं तिथल्या पॅथॉलॉजीत जाऊन त्याच्या गाठीच्या मेणाच्या (पॅराफिन) ब्लॉकचा नंबर लिहून घ्या आणि ब्लॉक किती वर्षं ठेवतात ते विचारा, बऱ्याच ठिकाणी ठराविक वर्षांनी टाकून देतात. मुदत संपत आली की अर्ज करून ते ताब्यात घेता येतात, साध्या डबीत, उन्हापासून लांब, कपाटात ठेवले तरी वर्षानुवर्षं चालतात. रक्ताच्या रिपोर्टमध्ये काही निघालं तर ते आणि गाठीचा रिपोर्ट दोन्ही शेजारी ठेवून मला परत लिहा, नावं तीच असली तरी नेमका बदल तोच आहे का ते बघून सांगते.